खत जुनं झालं म्हणजे निर्धोक झालं असं नाही: शेणखत, कोंबडी खत आणि भाजीपाला

उन्हाळ्याच्या शेवटी उकिरडा उपसायचा, ट्रॉलीने शेतात ढीग घालायचे, पाऊस लागायच्या आत ते विस्कटायचे आणि वाफे पाडून मेथी-कोथिंबीर फेकायची. बहुतेक गावांत क्रम हाच. उकिरड्याचा तळ वर्षभराचा असतो हे खरं, पण वरचा थर कालचा असतो, आणि उपसताना दोन्ही एक होतात. मग "आमचं खत चांगलं वर्षाचं आहे" या बोलण्याला अर्थ उरत नाही.

शेणात, कोंबडीच्या विष्ठेत, लेंड्यांत ई. कोलाय (त्यातला ओ१५७ हा सगळ्यांत वाईट), साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया, क्रिप्टोस्पोरिडियम असे जंतू असू शकतात. ज्या गाईच्या शेणात ओ१५७ असतो ती गाय धडधाकट दिसते, म्हणून जनावराकडे बघून काही कळत नाही. हे जंतू मातीत आठवडे नव्हे, महिने तग धरतात. सावली, ओल आणि गारवा मिळाला तर आणखी जास्त.

त्यांच्यापासून सुटायचे मार्ग दोनच. पहिला, खत ५५ अंश सेल्सिअसच्या वर, ढिगाच्या प्रत्येक भागात, ठरावीक दिवस तापवणं. दुसरा, तसं तापवलं नसेल तर खत मातीत मिसळल्यापासून काढणीपर्यंत तीन-चार महिने जाऊ देणं. चुका होतात त्या या दोहोंच्या मध्ये: खत धड तापलेलं नसतं आणि धड थांबलेलंही नसतं.

## टप्पा १: आपल्याकडे नक्की काय आहे ते ठरवा

नावावर जाऊ नका. खताचे दोनच वर्ग धरा, तापवलेलं आणि कच्चं. मधलं काही नाही. पुढच्या गोष्टी लोक तयार खत म्हणून वापरतात, पण जंतूंच्या हिशेबात त्या कच्च्याच आहेत:

- रोज शेण पडणारा उकिरडा, कितीही जुना असो.
- गोबरगॅसची स्लरी. टाकीत जंतू बरेच कमी होतात, पण घरगुती टाकीचं तापमान हवेइतकंच असतं. तेवढ्याने काम पुरं होत नाही.
- नुसतं वाळवलेलं शेण आणि वाळक्या लेंड्या. लेंडी वरून कडक होते, आत मात्र जंतूंना सुरक्षित खोली तयार असते.
- पोल्ट्रीतून थेट आलेलं भुशाचं खत.
- शेतात मेंढ्या बसवल्यावर पडलेलं खत. ते सरळ ताजं खतच आहे.
- न तापवता केलेलं गांडूळ खत. गांडुळांना साधारण ३५ अंशांच्या वरची उष्णता सोसत नाही, म्हणून त्या वाफ्यात ५५ अंश कधीच येत नाहीत. गांडुळं जंतू कमी करतात, पण त्यावर विसंबण्याइतकं नाही. आधी तापवा, निवू द्या, मग गांडुळं सोडा.
- नाडेप टाक्यातलं खत. यात माती भरपूर आणि शेण थोडं असतं, टाकं एकदा लिंपलं की पालटत नाहीत. मध्यभाग तापला तरी भिंतीलगतचं थंड राहतं. फळबागेला, कपाशीला, ज्वारीला उत्तम. कच्च्या खाण्याच्या भाजीला कच्चं खत समजूनच वापरा.

सावधान: कल्चर किंवा वेस्ट डिकंपोझर शिंपडल्याने कुजणं लवकर होतं. जंतू त्याने मरतील असं धरून चालू नका. ट्रायकोडर्मा (पिकाला उपयोगी बुरशी) तर ढीग निवल्यावरच मिसळायचा, नाहीतर उष्णतेत तोच मरतो.

## टप्पा २: ढिगात काय जाऊ द्यायचं नाही

गाभडलेल्या गाई-म्हशीचं वासरू, वार आणि त्याखालचं भिजलेलं गवत ढिगात टाकायचं नाही. गाभडण्यामागे ब्रुसेला हा जंतू असू शकतो आणि तो माणसाला होतो: ये-जा करणारा ताप, सांधेदुखी, महिनोन् महिने न सुटणारा अशक्तपणा. हातमोजे घालून, विहिरीपासून लांब, चार-पाच फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्री उकरणार नाहीत असं वर दगड-काटे घाला. गरोदर बाईने या कामाला हात लावू नये. आणि पशुवैद्यकाला कळवा, कारण प्रश्न एका जनावरापुरता नसतो.

मेलेल्या कोंबड्या असलेलं पोल्ट्री खतही परत पाठवा. कुजलेल्या कोंबडीत बोटुलिझमचं विष तयार होतं. असं खत पसरलेल्या रानात चरलेली जनावरं लुळी पडून दगावतात. ट्रॉली खाली करण्याआधी फावड्याने दोन-तीन ठिकाणी उकरून बघा. सेप्टिक टाकीचा मैला भाजीच्या खतात कधीच नको; जंताची अंडी त्यात वर्षभर आणि त्याहून जास्त जिवंत राहतात.

## टप्पा ३: जागा

विहीर, बोअर, ओढा यांपासून निदान १०० फूट, आणि उताराच्या खालच्या अंगाला. भाजीच्या वाफ्यांच्या वरच्या अंगाला ढीग असेल तर पहिल्या वळवाच्या पावसात त्याचं काळं पाणी थेट वाफ्यात उतरतं. जमीन ठोकून घट्ट करा, कडेने वीतभर उंच बांध घाला. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात ढीग लावायचा तर छप्पर हवंच. नुसत्या प्लास्टिकच्या कागदाखाली ढीग गुदमरतो.

जागा तीन ढिगांची ठेवा: एक भरायचा, एक तापायचा, एक मुरायचा. रोजचं शेण फक्त पहिल्यावर. तापायला लावलेल्या ढिगावर एक पाटी ताजं शेण पडलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सांगून ठेवलं तरी सकाळी गोठा झाडणारा माणूस जवळच्या ढिगावर पाटी उलटी करतोच, म्हणून भरायचा ढीग गोठ्याला सगळ्यांत जवळ असू द्या.

## टप्पा ४: मिश्रण

ढीग तापत नाही याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: नुसतं शेण आणि जास्त ओल. ताज्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असतं. नुसत्या शेणाचा गोळा हवा धरत नाही आणि हवेशिवाय उष्णता चढत नाही. त्यात कोरडा काडीकचरा हवा.

गाई-म्हशीचं शेण: १०० किलो ओल्या शेणाला २५ ते ३० किलो सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट. पाणी घालायचं नाही, शेणातलं पुरतं. भुसकटाऐवजी उसाचं पाचट असेल तर वीतभर लांबीचे तुकडे करा आणि ८-१० किलो कोंबडी खत जोडीला घाला, कारण पाचटात नत्र फारच कमी.

कोंबडी खत: इथे उलटं. ते कोरडं असतं आणि नत्र भरमसाट. १०० किलोला १०० ते १२० किलो बारीक केलेलं पाचट आणि १५० ते १७५ लिटर पाणी. पाणी थर लावताना झारीने, वरून पाइप सोडून नाही. काडीकचरा कमी घातला तर डोळ्यांतून पाणी काढणारा अमोनियाचा वास येतो; तो वास म्हणजे तुमचं नत्र हवेत चाललंय.

लेंडी खत: आदल्या दिवशी भिजवा, ट्रॅक्टरच्या चाकाखाली किंवा धुमसाने फोडा, मग मिसळा. अख्ख्या लेंडीच्या पोटात ओल आणि उष्णता दोन्ही उशिरा पोचतात.

चुना सुरुवातीला टाकू नका. त्याने अमोनिया उडतो.

तपासा: मूठभर मिश्रण जोरात पिळा. बोटांच्या फटीत दोन-चार थेंब यावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. धार लागली तर आणखी भुसकट, गोळा फुटला तर पाणी.

## टप्पा ५: ढीग रचणं

रुंदी ६ ते ७ फूट, उंची ५ फूट, लांबी हवी तेवढी. चार फुटांपेक्षा ठेंगणा ढीग उष्णता धरत नाही, सहा फुटांच्या वर गेलेला स्वतःच्या वजनाने दबतो आणि तळाला हवा राहत नाही. तळाशी वीतभर जाड तुराट्या किंवा पऱ्हाट्या अंथरा. वरून चार-सहा बोटं भुसकटाचा थर द्या, म्हणजे बाहेरची कातही थोडी ऊब धरते.

शेणामातीने लिंपायचं नाही. लिंपण हवा बंद करतं, आणि ते ताजं शेण म्हणजे बाहेरून नवा संसर्ग.

## टप्पा ६: तापवणं आणि पालटणं

सगळ्या कामाचा जीव या टप्प्यात आहे आणि नेमका हाच उरकला जातो.

नियम असा: ढिगाचं तापमान ५५ ते ७७ अंशांच्या दरम्यान किमान १५ दिवस राहिलं पाहिजे आणि त्या काळात ढीग किमान पाच वेळा पालटला पाहिजे. हा अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमातला आकडा आहे. उघड्यावरच्या लांब ढिगासाठी तोच धरणं सोयीचं. प्रत्यक्षात ६५ च्या वर जाऊ देऊ नये, कारण मग कुजवणारे जिवाणूही मरायला लागतात आणि ढीग मधून पांढरा, कोरडा, राखेसारखा होतो.

पालटायचं कशासाठी? बाहेरचा वीतभर थर कधीच ५५ ला पोचत नाही. न पालटलेल्या ढिगाचं पोट शिजतं, कात कच्ची राहते. कडेला उरलेले थोडे जंतू ढीग निवल्यावर आतल्या तयार खतात शिरतात, आणि तिथे त्यांना अडवणारे जिवाणू कमी झालेले असल्याने साल्मोनेलासारखे जंतू पुन्हा वाढूही शकतात.

१. दोन-तीन फूट लांब दांड्याचा तापमापक घ्या. सळई खुपसून दहा मिनिटांनी हात लावून बघायची पद्धत अंदाजापुरती ठीक. ५० आणि ५८ मधला फरक हाताला कळत नाही, आणि इथे सगळा खेळ त्या फरकाचा आहे.

२. रोज एकाच वेळी पाच ठिकाणी मोजा: दोन्ही टोकं, मध्य, दोन्ही बाजू. प्रत्येक ठिकाणी फूटभर आणि मग अडीच फूट खोल. वहीत सगळ्यांत थंड आकडा लिहा. मधला चांगला आकडा लिहून समाधान मानणं ही नेहमीची चूक.

३. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ५५ ओलांडलं जातं. तो पहिला दिवस.

४. दर तिसऱ्या दिवशी पालटा. नुसतं वर-खाली करू नका: आधी चारी बाजूंची आणि माथ्याची कात सोलून वेगळी काढा, शेजारी नव्या जागेवर ती पोटात घाला आणि जुन्या ढिगाचं पोट तिच्यावर कात म्हणून रचा. जेसीबीने पालटताना बादली तळापर्यंत जाते का ते उभं राहून बघा. चालक बहुतेकदा तळाचा फूटभर थर तसाच सोडतो.

५. पालटताना कोरडं दिसलं तर पाणी शिंपडा. हे पाणी या टप्प्यातच, पुढे नाही.

पालटल्यावर तापमान उतरतं आणि एक-दोन दिवसांत परत चढतं. चढलंच नाही तर कारण शोधा. आंबूस घाण वास येतो, मूठ पिळल्यावर धार लागते: ओल जास्त, भुसकट घाला. वास नाही, ओलही बरोबर, तरी थंड: काडीकचरा जास्त, ताजं शेण किंवा कोंबडी खत मिसळा आणि दिवस नव्याने मोजा. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठ्याने लहान ढीग मागे पडतो. तो मोठा करा.

तपासा: १५ दिवसांच्या नोंदी, पाच पालटी आणि मोजलेल्या दिवसांत ५५ च्या खाली एकही नाही. मध्ये एखादा दिवस ५२ आला तर तो मोजू नका, एक दिवस वाढवा.

(हुमणीच्या अळ्या आणि बहुतेक तणांचं बीही याच उष्णतेत मरतं. जंतूंसाठी कंटाळा येत असेल तर हुमणीसाठी करा.)

## टप्पा ७: मुरवणं आणि साठवण

तापवून झाल्यावर ढीग ३० ते ६० दिवस मुरू द्या. चांगलं मुरलेलं खत जंतूंना परत वाढू देत नाही, कारण त्यांच्या खाण्याचं सहज पचणारं काही उरलेलं नसतं. अर्धकच्चं खत पावसात भिजलं की उलट होतं.

तपासा: ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर मातीचा वास यावा. आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर आणखी मुरू द्या.

तयार ढीग झाका, जमिनीपासून थोडा उंच ठेवा. कोंबड्या त्यावर उकरायला चढतात आणि कुत्री झोपतात. काटेरी झाप किंवा जाळी लावा. कच्च्या आणि तयार खताची फावडी-पाट्या वेगळ्या हव्यात. दांड्याला लाल रंग म्हणजे कच्च्याचं, एवढी खूण पुरते. वेगळी अवजारं शक्य नसतील तर आधी साबणाने घासून धुवा, मग १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालून त्यात दहा मिनिटं बुडवा. शेण लागलेल्या फावड्यावर थेट टीसीएल ओतून उपयोग नाही. शेणच क्लोरीन खाऊन टाकतं. ट्रॉलीचं तेच: कच्चं खत वाहून आणलेल्या ट्रॉलीत धुतल्याशिवाय तयार खत भरू नका, भाजीची क्रेटं तर नाहीच नाही.

## टप्पा ८: कच्चंच टाकायचं असेल तर दिवस काढणीपासून उलटे मोजा

वेळ नसतो, मजूर नसतात, खत कच्चं जातं. चालेल, पण मोजणी बरोबर करा. त्याच अमेरिकी नियमातले आकडे:

- खाण्याचा भाग मातीला लागतो, तर मातीत मिसळल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस.
- खाण्याचा भाग मातीला लागत नाही, तर ९० दिवस.

आपल्याकडे हा कायदा नाही, पण किमान मर्यादा म्हणून धरावा. गोंधळ होतो तो "पेरणीच्या आधी महिनाभर टाकलं की झालं" या समजुतीमुळे. उसाला ते चालून जातं, भाजीला नाही, कारण पालेभाजी शेतात राहतेच किती? कोथिंबीर ४० दिवसांत निघते. १२० मधून ४० गेले, म्हणजे कच्चं खत पेरणीच्या किमान ८० दिवस आधी मातीत गेलं पाहिजे. मेथी महिन्याची, तिला ९० दिवस आधी. मुळा, गाजर, बीट, कांदापात, पालक, पुदिना, स्ट्रॉबेरी, सगळे १२० च्या यादीत. पुनर्लागवडीचा कांदा स्वतःच साधारण ११० ते १२० दिवस घेतो, त्याला लागवडीआधी आठ-दहा दिवसांची सवड पुरते.

टोमॅटो तार-बांबूवर असेल तर ९० दिवस. पहिला तोडा ६५-७० दिवसांनी, म्हणून खत लागवडीच्या २०-२५ दिवस आधी. जमिनीवर लोळणारा टोमॅटो आणि काकडी मात्र १२० मध्ये. मेंढ्या बसवल्या असतील तर शेवटची रात्र हा पहिला दिवस.

मातीत मिसळलं तो दिवस धरायचा, टाकलं तो नाही. वैशाखात रानात तसेच पडलेले ढीग मोजणीत येत नाहीत. पसरलेल्या दिवशीच नांगरून किंवा रोटाव्हेटरने वीतभर खोल मिसळा. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर त्या दिवशी पसरूच नका.

सावधान: उभ्या पालेभाजीत कच्चं खत, ताजी स्लरी किंवा पोल्ट्री खताचं पाणी देऊ नका. लावणी झाल्यावर फक्त तापवलेलं आणि मुरलेलं.

## टप्पा ९: जीवामृत आणि शेणाचे द्रव

यावर वाद होतो, तरी सांगणं भाग आहे. जीवामृतात ताजं शेण, गूळ आणि बेसन दोनशे लिटर पाण्यात दोन-तीन दिवस आंबवतात. गूळ-बेसन उपयोगी जिवाणूंना वाढवतं तसं ई. कोलायलाही वाढवू शकतं. कोणता वाढला ते ड्रममध्ये डोकावून कळत नाही. म्हणून ते कच्च्या खताच्याच वर्गात धरा. ज्वारी, कापूस, ऊस, आंबा, डाळिंब यांच्या बुडाला मातीत द्या. कोथिंबीर, मेथी, पालक, लेट्यूस यांच्या पानांवर फवारू नका, आणि या पिकांना ठिबकमधूनही नको. पानाच्या रंध्रांत आणि कापलेल्या कडेत शिरलेला जंतू पाण्याने धुतला जात नाही. ओ१५७ चे शंभरच्या आतले जंतूही आजारी पाडायला पुरतात.

## टप्पा १०: पाणी, काढणी आणि हात

तुषार सिंचन आणि जोराचा पाऊस मातीचे शिंतोडे पानावर उडवतात. कच्चं खत गेलेल्या रानात पालेभाजीला ठिबक किंवा सरी वापरा, काकडी-स्ट्रॉबेरीखाली आच्छादन अंथरा. खताच्या हंगामानंतर पहिल्या मोठ्या पावसाने विहीर गढूळ झाली, तर ते पाणी पिण्यासाठी निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नका आणि ग्रामपंचायतीकडून नमुना तपासून घ्या.

खत हाताळणाऱ्यांना बूट, हातमोजे आणि कोंबडी खताच्या धुळीसाठी नाका-तोंडावर मास्क द्या. उपरण्याने बारीक धूळ अडत नाही. पायाला जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आधी विचारा. सकाळी गोठा-खत आणि दुपारी भाजी काढणी हे काम एकाच बाईकडे असतं. मध्ये साबणाने कोपरापर्यंत हात धुणं आणि चपला बदलणं एवढं तरी झालंच पाहिजे. त्यासाठी बांधावर पाण्याची टाकी आणि साबण तुम्ही ठेवायचा, तिने घरून आणायचा नाही.

जुड्या बांधून झाल्यावर त्या ताज्या दिसाव्यात म्हणून ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदात बुचकळतात. ११९ दिवस नेटाने पाळलेलं तिथे वाया जातं. बोअरचं किंवा टीसीएल घातलेलं स्वच्छ पाणी वापरा, टबमधलं पाणी गढूळ झालं की ओतून द्या, आणि जुडी ठेवायची ती धुतलेल्या क्रेटमध्ये, खताच्या रिकाम्या गोणीवर नाही.